सर्वर गेला!

मला निळ्या रंगाची भीती वाटते. सगळ्या निळ्यांची नाही. शाईचा निळा चालतो, शाळेच्या गणवेशाचा चालतो, आणि लग्नात कोणी निळी पैठणी दिली असती तर तीही चालली असती. एकच निळा असा आहे, की तो दिसला की माझ्या पोटऱ्यांतला जीव उतरून तळपायात जाऊन बसतो. कॉम्प्युटर गुण्यागोविंदानं चाललेला असतो आणि कसलीही सूचना न देता अख्खा पडदा निळा होतो. त्यावर दोन टिंबं आणि एक कंस, म्हणजे आडवं पडलेलं रडवेलं तोंड. खाली इंग्रजीत दोन ओळी. त्यांचा सरळ अर्थ असा, की मला काहीतरी झालं आहे, मी आता बंद पडतो, काय झालं ते तुम्ही बघा.

आर्णीत माझा टायपिंगचा क्लास आहे. पूर्वी बारा टायपरायटर होते. टायपरायटर कधी निळा पडला नाही. फार तर दोन दांड्या एकमेकींत अडकायच्या, रिबन सुटायची, बोटं काळी व्हायची. मग टायपिंगची परीक्षाच कॉम्प्युटरवर गेली आणि क्लासात कॉम्प्युटर आले. ते बिघडले की मेकॅनिक पुसदहून यायचा, तोही "उद्या येतो" म्हणून तेरवा. शेवटी मीच स्क्रू काढायला शिकले. आता लोक मोटरसायकलवर मागे बसून, सीपीयू लेकरासारखा मांडीवर धरून माझ्याकडे येतात. "मॅडम, हे निळं पडून राह्यलं," म्हणतात, जशी काही कावीळच झाली आहे.

अशा वेळी मी चष्मा काढते, पदरानं पुसते, परत लावते आणि म्हणते, "हं." हा "हं" मी वीस वर्षांत कमावला आहे. समोरच्याला वाटतं, बाईंना कळलं. खरं म्हणजे त्या "हं"च्या आत मी थरथरत असते. कारण निळं पडायचं कारण काहीही असू शकतं: धूळ, उंदराचं दात मारणं, बंद पडलेला पंखा, मरायला टेकलेली हार्डडिस्क. आणि दर वेळी समोर उभ्या माणसाचं काहीतरी त्या डब्यात अडकलेलं असतं.

त्या सकाळी मात्र माझ्या तोंडून "हं"सुद्धा निघाला नाही.

आमच्या गावातल्या एका शाळेत टायपिंगच्या सरकारी परीक्षेचं केंद्र होतं. लॅबमध्ये पंचवीस कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात एक जाडजूड, जुना, इतरांपेक्षा हातभर उंच. तो सर्वर. प्रश्नपत्रिका वरून त्याच्यात उतरते, त्याच्यातून पंचवीस जणांच्या पडद्यावर जाते, आणि प्रत्येकानं दाबलेलं प्रत्येक अक्षर परत त्याच्याच पोटात जमा होतं. तो मेला तर पंचवीस जणांनी टाइप केलेलं हवेत. शाळेत कॉम्प्युटरचा शिक्षक नव्हता, म्हणून मुख्याध्यापक सरांनी मला बोलावलं होतं. "मॅडम, तुम्ही फक्त सर्वर सांभाळा, बाकी सगळं मी सांभाळतो," असं ते म्हणाले होते. बाकी काहीच नव्हतं.

त्या पंचवीस जणांत माझ्या क्लासची एक बाई होती. वय पस्तिशीच्या आसपास. तिचा नवरा नोकरीत असताना वारला आणि त्याच्या जागी, अनुकंपा म्हणतात त्या नियमानं, तिला कारकुनाची नोकरी मिळाली. अट एकच: ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंग तीसच्या वेगानं, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांनी, पास व्हायचं. नाही झालं तर नोकरी जाते. मुदत एकदा संपली होती, एकदा वाढवून मिळाली होती. परीक्षेला ती दोनदा बसली होती. पहिल्यांदा बोटं गारठली. दुसऱ्यांदा उताऱ्यात "श्र" आला आणि ती तिथंच उभी राहिली, जसं काही रस्त्यात नाग दिसला. लहानपणापासून कापूस वेचलेली बोटं होती ती. दोन बोटांच्या चिमटीनं काम करायची त्यांना सवय. दहा बोटं दहा दिशांना पाठवायची म्हणजे तिला अंगणातल्या कोंबड्या हाकलल्यासारखं वाटायचं. पण दीड वर्ष ऑफिस सुटल्यावर रोज यायची. पोरगी सातवीत, सासू घरी, आणि पगार एकच. ही तिसरी परीक्षा. पुढची सहा महिन्यांनी, आणि मुदत त्याआधीच संपत होती.

"मॅडम," परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, "मशीन तर बरोबर चालन ना जी?"

"मशीनची जबाबदारी माझी," मी म्हणाले. किती सहज म्हणाले! आता आठवलं की जीभ चावते.

परीक्षेचं नवीन सॉफ्टवेअर जास्त मेमरी मागत होतं. मेमरी म्हणजे बोटभर रुंदीच्या हिरव्या पट्ट्या असतात, त्या सीपीयूच्या आतल्या खाचांमध्ये खटकन बसवायच्या. सर्वरमध्ये चार खाचा. दोन भरलेल्या, दोन रिकाम्या. परीक्षेच्या दोन दिवस आधी मी रिकाम्या दोन खाचांत नव्या पट्ट्या बसवल्या. मशीन सुरू झालं, सॉफ्टवेअर उघडलं, हिरवी खूण आली. पाच मिनिटं बघितलं आणि मी बंद केलं. इथंच चुकले. अर्धा तास बघायला हवं होतं. पण घरी तुरीच्या शेंगा उकडून ठेवल्या होत्या आणि त्यांचा विचार सर्वरपेक्षा वरचढ ठरला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आठला मी, सर आणि शाळेचा शिपाई असे तिघं लॅबमध्ये. थंडी अशी, की माऊस हातात घेतला तर बेडूक धरल्यासारखा वाटत होता. सर्वर सुरू केला. अकरा मिनिटं सगळं ठीक. बारावं मिनिट लागलं आणि पडदा निळा.

शिपायानं मान तिरकी करून ते रडवेलं तोंड बघितलं. "पाहा बाप्पा तोंड त्याचं. धुईत तूर गेल्यावानी." धुई म्हणजे धुकं; त्यानं तुरीचा फुलोरा गळतो.

मी मोबाईलनं पडद्याचा फोटो काढला. घाबरलेल्या माणसानं आधी फोटो काढावा, कारण निळ्या पडद्याखाली बारीक अक्षरात कारणाचं नाव असतं आणि ते वाचेपर्यंत मशीन परत सुरू होतं. नाव होतं: मेमरी मॅनेजमेंट. म्हणजे दोष पट्ट्यांत.

"नव्या पट्ट्या खराब निघाल्या," मी सरांना सांगितलं. आवाज शांत ठेवला होता. त्यासाठी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं होतं.

नव्या दोन्ही काढल्या. सर्वर सुरू. बारा मिनिटं, वीस मिनिटं, छान. पण सॉफ्टवेअर उघडेना. "मेमरी अपुरी," एवढंच सांगायचं आणि दार लावून घ्यायचं. चारही पट्ट्या बसल्या तरच ते उघडणार. नव्या पट्ट्या मी दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये लावून बघितल्या. तिथं ठणठणीत! परत सर्वरमध्ये लावल्या, निळं. पट्ट्यांच्या सोनेरी कडा खोडरबरनं घासल्या. हा आमच्या धंद्यातला घरगुती उपाय, दहातल्या सात वेळा लागू पडतो. लावल्या. या वेळी चौथ्याच मिनिटाला निळं.

"निळ्याले काय भेता मॅडम," शिपाई म्हणाला. त्याच्या घरावर पंचशील ध्वज, दारात निळी कमान. "आमच्या घरी तर निळं लावल्याशिवाय कार्य होत नाही. तुमच्या या मशीनलेच पचत नाही ते."

"तू जरा गप राहतो का?" सर म्हणाले.

पट्ट्या चांगल्या, मशीन चांगलं, पण दोघांची गाठ पडली की निळं. याचा एकच अर्थ मला दिसत होता: आतला मुख्य बोर्ड गेला. मी स्टुलावर बसले. बोर्ड आर्णीत मिळत नाही. दुसरा कॉम्प्युटर सर्वर म्हणून चालत नाही, कारण परीक्षेचं सॉफ्टवेअर नोंदवलेल्या त्याच मशीनला ओळखतं. परीक्षेच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडची बाई फार गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, अकरापर्यंत तुमचा सर्वर दिसला नाही तर बॅच रद्द होईल. पुढची तारीख नंतर कळवू."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर, मॅडम."

खिडकीतून खाली पटांगण दिसत होतं. परीक्षार्थी यायला लागले होते. कडुनिंबाखालच्या ओट्यावर माझी विद्यार्थिनी बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, आणि दहाही बोटं हळूहळू चालत होती. ओळखीचा तो सराव. मला ते बघवेना. मी खिडकीपासून बाजूला झाले.

सर म्हणाले, "मी वर गच्चीवर जातो, तिथं रेंज येते. पुसदच्या दोन-तीन दुकानांत बोर्डाचं विचारतो." ते जिना चढून वर गेले.

तेवढ्यात मला आठवलं, की शाळेच्या जुन्या खोलीत याच जातीचा एक भंगार कॉम्प्युटर पडला आहे. त्याचा बोर्ड काढता येईल! पण त्या खोलीची किल्ली? ती तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या शिपाईमावशींकडेच राहिली होती. तीस वर्षं शाळेच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कनवटीला होत्या. मी शिपायाला म्हटलं, "मावशींना फोन लावा. लवकर या म्हणा."

तो वऱ्हांड्यात जाऊन मोठ्यानं ओरडला, कारण रेंज नसली की आमच्याकडे माणूस आवाजानं भरपाई करतो. "मावशी! मी शाळेतून बोलून राह्यलो! अर्जंट या! सर्वर गेला! ... हो, आत्ता! ... सर्वर गेला न मावशी, सर्वर!"

फोन कटला.

आता तुम्हीच हे मोठ्यानं म्हणून बघा. सर्वर गेला. मावशींनी ऐकलं: सर वर गेला. "गेला" आणि "गेले" यांच्यात सरांचा जो मान होता तो रेंजमध्ये गळून पडला. आणि सर एकदा वर गेले, म्हणजे काय झालं हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

पंधरा मिनिटांत पटांगणात कल्ला झाला. मी खिडकीशी धावले. फाटकातून मावशी येत होत्या, डोक्यावरचा पदर सुटलेला, मागे शेजारच्या चार बायका, आणि त्यांच्यामागे शाळेचे दोन निवृत्त गुरुजी. एक तर पांढरी टोपी घालूनच आले होते. मावशींचा सूर लागलेला होता. "माय वो! काल तं बाजारात भेटले होते माये मले! मेथी घेऊन राह्यले होते!"

त्यांनी फाटकाजवळच्या एका परीक्षार्थ्याला धरून विचारलं, "कुठं हायेत बाप्पा सर?"

त्या बिचाऱ्यानं डोळ्यानं बघितलं तेच सांगितलं. "सर वर गेले."

मग काय! बायकांनी पदर डोळ्यांना लावले. परीक्षार्थ्यांत कुजबुज झाली, सर वर गेले, सर वर गेले. आता परीक्षा कसली होते, म्हणून दोघांनी चपला घातल्या. पाच-सहा जण जिन्याकडे धावले. मी वरून "अहो, सर्वर! सर्वर!" असं ओरडले आणि त्यामुळे उरलेलेही रडायला लागले.

कडुनिंबाखालची ती एकटी उठली नाही. सगळं पटांगण धावत होतं आणि ती डोळे मिटून बसली होती, बोटं पर्सवर चालत होती. मला तिचा रागच आला. म्हटलं, किती कोरडी बाई आहे ही!

आणि जिन्यावरून सर खाली उतरले. हातात मोबाईल, कपाळावर आठ्या. समोर रडणारा जमाव बघून ते पायरीवरच थांबले.

मावशींचा हंबरडा मधेच अडकला. त्यांनी सरांना खालून वर, वरून खाली पाहिलं. "तुम्ही मेले नाही का?"

"अजून नाही," सर म्हणाले. "अकरापर्यंत पाहू."

मावशी दोन पायऱ्या चढल्या आणि त्यांनी सरांच्या दंडाला चिमटा काढला. सर "आई गं" म्हणाले तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. मग त्यांनी शिपायाला जी शिव्यांची लाखोली वाहिली ती इथं लिहिता येणार नाही. छापणाऱ्याची शाई आटेल. शिपाई एवढंच म्हणत होता, "मी सर्वर म्हटलं न मावशी. सर्वर!" आणि दर वेळी जास्त शिव्या खात होता.

घड्याळात दहा वीस झाले होते. किल्ली मावशींनी आणलीच नव्हती. मेलेल्या माणसाला किल्ली कशाला लागते?

मी लॅबमध्ये परतले. मावशी मागोमाग आल्या, काय मेलं ते तरी बघू म्हणून. सर्वर टेबलावर आडवा पडला होता, कुशीचं झाकण काढलेलं. त्यांनी आत डोकावलं आणि कमरेवर हात ठेवले.

"याच्या रिकाम्या घरात कोणं घुसवलं हे?"

"कोणतं घर मावशी?"

"हे दोन घरं रिकामे होते न वो. दसऱ्याले म्या यायची ओटी भरली होती."

मला आधी ऐकू आलं ते कळलंच नाही. "काय भरली?"

"ओटी! आता पाहा," मावशी समजावण्याच्या सुरात म्हणाल्या, जसं काही मी सासरी नवीन आलेली सून आहे. "दसऱ्याले मशीनची पूजा मीच करतो दरसाल. हा," म्हणजे शिपाई, "दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर गेलता. मी एकलीच होती. वरून तं सारेच कुंकू लावते. म्या म्हटलं, काम आतलं करते, वरच्याले कायले लावू? झाकण तं नुसतं टेकवलं होतं. काढलं. भरलेल्या दोन घरायले वरून बोट लावलं. अन् हे दोन रिकामे. सणाच्या दिवशी रिकामी ओटी कशी ठेवा? चिमटी चिमटी अक्षता टाकल्या, कुंकू टाकलं, हात जोडले. अन् मंग सांगा बरं, दसऱ्यापासून एक दिवस तरी बंद पडला काय?"

नव्हता पडला. कसा पडेल? रिकाम्या खाचांत कोणी बघायलाच गेलं नव्हतं. दोन दिवसांपूर्वी मीच पट्ट्या त्या अक्षतांवर दाबून बसवल्या होत्या. कडेचे खटके बसले, पण बुडाशी तांदूळ. पट्टी केसभर उचललेली राहायची, मशीन तापलं की तेवढाही आधार सुटायचा, आणि निळं.

आणि झाकण नुसतं टेकवलेलं का होतं? कारण त्याचे स्क्रू दर वेळी कोण काढणार म्हणून मागच्या उन्हाळ्यातल्या परीक्षेला मीच ते लावले नव्हते. हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. आज इथं पहिल्यांदा सांगते आहे.

मी वीज काढली, पट्ट्या काढल्या, मोबाईलचा उजेड खाचेत टाकला. काळ्या खाचेत लाल कुंकू दिसत नाही, पण बुडाशी एक कणी चमकली. दोन्ही बाजूंनी सोनेरी टोकांची रांग, केसासारखी बारीक. त्यातलं एक जरी वाकलं तर बोर्ड खरोखरच गेला. इतका वेळ मला भीती वाटत होती ती बोर्ड मेला आहे याची. आता कळलं, तो जिवंत आहे आणि मीच त्याला मारू शकते. ही भीती कितीतरी मोठी होती.

पदराची सेफ्टी पिन काढली. मी हात टेबलावर टेकवला, तर टेबल थरथरायला लागलं.

"मावशी, उजेड धरा. हलवू नका. बोलू नका. नवससुद्धा मनातच बोला."

पहिली कणी अर्धी तुटली. अर्धी वर आली, अर्धी टोकांच्या मध्ये जाऊन बसली. मी पिन काढली, डोळे मिटले, उघडले, परत घातली. कणीच्या खाली. हळू. अजून हळू. ती उडाली आणि मावशींच्या हातावर पडली. दुसऱ्या खाचेतून दोन सबंध दाणे निघाले, कुंकवानं माखलेले, तीन महिन्यांत जराही न किडलेले. मग ब्रश, मग ब्लोअर, फर्र करून लाल धूळ उडाली आणि सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसली.

दहा त्रेचाळीस. चारही पट्ट्या बसवल्या. या वेळचा खटका वेगळा होता, पोटातून आलेला. बटण दाबलं. सॉफ्टवेअर उघडलं, हिरवी खूण आली.

पण हिरवी खूण दोन दिवसांपूर्वीही आली होती. आम्ही चौघं त्या पडद्यासमोर उभे राहिलो, एखाद्या आजाऱ्याच्या खाटेभोवती उभे राहतात तसे. पाच मिनिटं. नऊ मिनिटं. शिपाईसुद्धा विनोद करेना. अकरावं मिनिट. बारावं. तेरावं लागलं तेव्हा मावशींनी सर्वरला नमस्कार करायला हात पुढे केला. "हात लावू नका!" आम्ही तिघं एकदम ओरडलो आणि त्या बिचाऱ्या दचकून मागच्या खुर्चीत बसल्या.

दहा अठ्ठावन्नला मदत केंद्रावरची बाई म्हणाली, "हो मॅडम, दिसतोय तुमचा सर्वर." मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकले.

पंचवीस जण आत आले. चपला घालून निघालेले दोघंही फाटकातून वळवून आणले होते. ती तिसऱ्या रांगेत बसली. परीक्षा म्हणजे आधी पत्र, मग तक्ता, आणि शेवटी सात मिनिटांचा उतारा. तीसचा वेग त्या सात मिनिटांवर ठरतो. मी सर्वरजवळ स्टुलावर, हाताची घडी, चेहऱ्यावर अधिकारी भाव. पण पंख्याचा आवाज जरा बदलला की मी स्टुलावरून अर्धी उठायचे. दिवा एकदा मिणमिणला, तेव्हा मी मनातल्या मनात शाळेच्या जिन्यावरून खाली धावत सुटले होते.

उतारा सुरू झाला. पंचवीस कीबोर्डांची पावसासारखी तडतड. मला फक्त तिसऱ्या रांगेतली ऐकू येत होती. ती धावत नव्हती. एका चालीनं चालली होती, सरीतून कापूस वेचत जावं तशी. चौथ्या मिनिटाला तिची बोटं थबकली. एक क्षण. दोन क्षण. मी सर्वर सोडून तिच्याकडे पाहायला लागले. मग तिचा उजवा हात उचलला गेला, एक अक्षर खोडलं, परत मारलं, आणि चाल पुन्हा सुरू झाली. सात मिनिटं संपली. पडदा गोठला आणि त्यावर "उत्तरपत्रिका जमा झाली" असं आलं.

सर्वरनं सगळ्यांची उत्तरं वर पाठवेपर्यंत मी जागची हलले नाही. मग खाली गेले. मला तिला विचारायचं होतं, सगळे रडत होते तेव्हा तुम्ही कशा बसून राहिलात? पण विचारावं लागलं नाही. ती नळावर तोंड धूत होती. तोंड न पुसताच म्हणाली, "मॅडम, मघा सारे पळाले न, माह्या पायातही आलं होतं. पण तसा फोन मले एकदा आलता. हे मुकुटबनले ड्युटीवर होते तवा. तवा मी पायातल्या चपला सोडून पळाली होती. पोचली तं काही हातात नव्हतं." तिनं पदरानं हात पुसले, एकेक बोट वेगळं. "आज म्हटलं, कोण गेलं ते बोटायले कळू द्यायचं नाही."

कोरडी बाई, असं मी म्हटलं होतं मघाशी. मी नळाखाली माझेही हात धरले, उगीचच.

संध्याकाळी अहवाल लिहायचा होता. बिघाडाचं कारण या रकान्यात मी लिहिलं: "मेमरीच्या खाचेत बाह्य पदार्थ." सर म्हणाले, पदार्थाचं स्वरूप लिहा. मी लिहिलं: "घन, पांढरट." सरांनी सही केली. सदऱ्यावरचं कुंकू त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. घरी जाऊन वहिनींना काय सांगितलं असेल देव जाणे.

निकालाला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी तिला फोन केला नाही, तिनंही केला नाही. ते खोडलेलं अक्षर धरून किती चुका झाल्या असतील याचा हिशेब मी झोपेतसुद्धा करत होते. एका दुपारी क्लासात पोरींना श्रुतलेखन देत असताना तिचं नाव मोबाईलवर उमटलं. पोरी टाइप करायच्या थांबल्या.

"मॅडम," पलीकडून आवाज आला, मागे ऑफिसातला गलका. "मी निघाली."

"कुठं निघाल्या तुम्ही?" मी घाबरून विचारलं. मला वाटलं नोकरी गेली, सामान बांधलं.

"कुठं म्हणजे? तीसमधून निघाली जी! पास झाली! साहेबायनं आत्ताच माह्या सर्व्हिस बुकात चढवलं. थांबा, तुमाले फोनवर कागद वाचून दाखवतो."

आणि तिनं तो पूर्ण कागद वाचला, वरच्या सरकारी ओळीपासून खालच्या शिक्क्यापर्यंत, सावकाश, एकही शब्द न गाळता. मी फोन कानाला धरून उभी होते. समोर बसलेल्या पोरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, कारण त्यांना वाटलं मॅडमना कोणीतरी वाईट बातमी सांगत आहे.